पाणी न पिणारं इंजिन

अकोल्याच्या आमच्या घरात मोटारीबद्दल बोलणं म्हणजे पाण्याबद्दल बोलणं. बाबा वकील होते. त्यांच्याकडे एक जुनी, उंच, काळी मोटार होती, आणि उन्हं तापली की ती रेडिएटरमधून वाफा सोडत रस्त्यातच उभी राहायची. अकोटला कामासाठी जायचं तर वाटेतल्या विहिरी त्यांना पाठ. आई असताना पाण्याचा डबा तिच्या मांडीवर असे. बाबांचे डोळे रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावरच जास्त. दरवर्षी ते दोघं चिखलदऱ्याला जायचे आणि घाटात गाडी निवेपर्यंत दगडावर बसून गप्पा मारायचे. आई गेली आणि बाबांनी घाटाचं नाव टाकलं.

साठचं दशक संपत आलं होतं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर होते. होळीच्या सुटीत घरी आले तर अंगणातल्या कडुलिंबाखाली एक बुटकी, मोतिया रंगाची परदेशी गाडी उभी, आणि तिच्याखालून एका बाईचे अनवाणी पाय बाहेर आलेले.

युरोपातून कलकत्त्याला रस्त्यानं निघालेलं ते जोडपं. नवऱ्याला अकोल्यात ताप चढला. आमच्या डॉक्टरांनी बाबांना गळ घातली, तुमच्याकडे खोल्या रिकाम्या आहेत, इंग्रजीही येतं. नवरा माडीवर झोपून होता. गाडी बाईची होती. ती तिच्या वडिलांच्या गॅरेजात लहानाची मोठी झालेली. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

पहिल्याच संध्याकाळी बाबांनी तिची उलटतपासणी घेतली.

"इंजिन मागं आहे, ठीक. पाणी कुठून टाकता?"

"पाणी लागत नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "काय म्हणून राहिली ही? पाणी नाही लागत, तर थंड कशानं होते?"

तिनं मागचं झाकण उघडलं. मधोमध भला मोठा पंखा. हा हवा फेकतो, ती म्हणाली, आणि उरलेली उष्णता तेल वाहून नेतं. नऊ लिटर तेल, वेगळ्या टाकीत. इंजिन दोन लिटरचं, एकशेतीस अश्वशक्ती. सहा सिलिंडर, पण उभे नाहीत; तीन डावीकडे, तीन उजवीकडे, आडवे निजलेले. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात. मला फुगडी आठवली. दोघी मागे झुकतात, एकीचा भार दुसरी तोलते, म्हणून कुणीच पडत नाही. इंजिन थरथरत नाही ते त्यामुळेच.

"अन् बिघडते कुठं?" बाबांनी विचारलं.

हा प्रश्न तिला आवडला. आतली साखळी ताणून धरणारा एक बारका भाग आहे, ती म्हणाली, त्याच्यावर तिचा भरवसा नव्हता. पंख्याचा पट्टा तुटला की जागच्या जागी थांबायचं. कार्बुरेटर सारखे रुसतात. "पण तेल तापण्याआधी पळवलं नाही, तेल वेळेवर बदललं, तर हे पुष्कळ चालतं. याला दांडगाई सोसते, हयगय नाही."

बाबांनी मान हलवली. साक्षीदार खरं बोलतोय असं वाटलं की ते तशीच हलवत.

पुढचे दिवस मला आजही धुक्यातून दिसावेत तसे दिसतात. इंजिन गार असतानाच व्हॉल्व्हचं काम करायचं, म्हणून आम्ही सकाळीच गाडीखाली सतरंजी टाकून आडव्या व्हायचो. बारा व्हॉल्व्ह. प्रत्येकाच्या फटीत केसाएवढी पातळ पोलादी पट्टी सरकवायची, ती किंचित अडखळत सरकली की बरोबर. गाडीखालून डोकं बाहेर काढलं की डोळ्यांवर कडुलिंबाची वाळली पानं पडायची. आमचं पेट्रोल तिच्या इंजिनाला मानवत नव्हतं, चढावर ते खडखडायचं. तिनं ठिणगीची वेळ जराशी मागे घेतली. वर नवरा खोकायचा, ती थबकायची, कान द्यायची, मग पुन्हा पाना फिरवायची.

नवऱ्याचा ताप उतरला, तेव्हा ती म्हणाली, आता चढ हवा. लांबचा, खरा चढ. त्याशिवाय मला कळणार नाही.

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "चिखलदऱ्याले चला. तिथून हिले अमरावतीले सोडू."

नवरा घरीच राहिला. गाडीत मागच्या सीटवर मी गुडघे पोटाशी घेऊन बसले. स्टिअरिंगचं चाक डावीकडे, त्यामुळे बाबा उजव्या बाजूला, हातात चाक नसलेल्या ड्रायव्हरसारखे. मांडीवर पाण्यानं भरलेला डबा. तिनं डब्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली.

अकोट गेलं, अंजनगाव गेलं, परतवाडा मागे पडला. घाट लागला तसा पळस दोन्ही बाजूंनी पेटलेला. मागून येणारा आवाज कोरडा आणि एकसारखा होता, कुणी आत सरकी चाळतंय असा. एका वळणावर एक मोटार वाफा सोडत उभी होती. बाबांनी गाडी थांबवायला लावली, डबा नेऊन त्या लोकांना दिला आणि रिकाम्या हातानं परत आले. बसल्यावर त्यांना हातांचं काय करावं कळेना. वळणं येत होती, जात होती, काटा जागचा हलत नव्हता. बाबांनी काट्याकडे पाहणं कधी सोडलं ते मला कळलं नाही. वर पोचलो तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. दरीकडे तोंड करून ते बराच वेळ उभे राहिले. आम्ही दोघी दूरच थांबलो.

उतरताना त्यांना झोप लागली. चालत्या मोटारीत बाबा झोपलेले मी जन्मात पाहिले नव्हते.

परतवाड्यापुढं रस्ता सरळ झाला, तशी ती थांबली. "चालवतेस?"

मी घरची गाडी फक्त अंगणात पुढे-मागे केली होती. तरी मी पुढे आले. ती मागे माझ्या जागी गेली आणि दोन सीटांमधून मान काढून कुजबुजू लागली: आता गिअर बदल. आता पाय उचल. भिऊ नको, इंजिन स्वतःच सांगतं. आणि खरंच सांगत होतं. पाय जरा दाबला की पाठीमागून कुणी मायेनं ढकलावं तसं वाटे. संत्र्याचे बगीचे सरकत होते, उन्हं तिरपी झाली होती, आणि रस्ता माझ्याकडे येत होता की मी त्याच्याकडे, ते सांगता आलं नसतं.

वलगावजवळ बाबांना जाग आली. त्यांनी आधी रस्ता पाहिला, मग मला.

"काहून व, तू चालवून राहिली?"

"हो बाबा."

"मंग समोर पाह्य. माह्याकडे काय पाह्यतं!"

अमरावतीत शिरण्याआधी मी चाक परत दिलं. माझ्या खोलीसमोर तिनं इंजिन चालूच ठेवून तेल मोजलं. याचं तेल गरम आणि चालू असतानाच खरं दिसतं, म्हणाली. तेल मोजायची पट्टी पुसून ती हसली. बाबांनी मलाच विचारलं, "कलकत्त्यापर्यंत जाईन ही गाडी?" मी ते तिला इंग्रजीत विचारलं. "मी नीट वागले तर," ती म्हणाली.

दोन-चार दिवसांत ती दोघं निघून गेली. पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. मला अमरावतीत सोडून निघताना तिनं व्हॉल्व्हची ती पोलादी पट्टी माझ्या हातात ठेवली होती.

त्याच उन्हाळ्यात मी मोटार चालवायचा परवाना काढला. परीक्षा घ्यायला आलेला अधिकारी बाईमाणसाला पाहून घुटमळला. पण माझ्याबरोबर बाबा आले होते, भर उन्हात, कोर्टाचा काळा कोट घालून, आणि ते झाडाखालून त्या अधिकाऱ्याकडे बघत उभे होते.