दोरीवरचा माणूस

मधुकर गेल्याचं मला विलासच्या मुलाने फोनवर सांगितलं. विलास माझा धाकटा भाऊ, तोही आता नाही. पोरगा लोणारच्या बसस्टँडवरून बोलत होता, मागे गाड्यांचा गोंगाट. "मोठेबाबा, मधुकरकाका गेले. सकायी खुर्चीत बसल्या बसल्या... तुम्ही येता ना?" मी म्हटलं, पाहतो. सदरा अंगात घातला, बटणं लावली आणि मग एकेक करून काढली. मेहकरहून लोणार काही लांब नाही, पण मी गेलो नाही. जो मातीला गेला नाही त्याने नंतर लेख लिहावा, हा आगाऊपणाच आहे. तरी लिहितो, कारण या माणसाबद्दल मी एकदा चारचौघांत एक खोटी गोष्ट बोललो होतो आणि ती परत घ्यायची राहून गेली.

आम्ही दोघं बीबी गावचे, एका वर्गातले. गावाबाहेरच्या खदानीत पोहायला शिकलो. मी शिकलो म्हणजे बुडत नव्हतो एवढंच; मधुकर मात्र पाण्याखाली इतका वेळ राहायचा की काठावरच्या बाया शिव्या द्यायच्या. कोणाची घागर विहिरीत पडली की लोक गळ शोधायच्या आधी मधुकरला शोधत. ओंजळभर शेंगांवर तो घागर काढून द्यायचा. पुढे आयटीआयला वेल्डिंग शिकला, मुंबईला गेला आणि समुद्रात तेलाच्या विहिरींवर काम घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे पाणबुड्या झाला. पाण्याखाली जाऊन पाइप तपासायचे, खांब खरवडायचे, वेल्डिंग करायचं. हा लोणारकडचा म्हटल्यावर जहाजावरचे लोक म्हणत, मग काय, सरोवरात शिकला असशील. त्या खाऱ्या पाण्यात आमच्याकडे कुणी पोहत नाही, हे सांगून सांगून तो कंटाळला होता.

सुट्टीवर आला की माझ्याकडे येऊन बसायचा. मला ऐकायचे असायचे मोठाले मासे आणि वादळं. हा सांगायचा बटणं आणि चाव्या! पाणबुड्या पाण्यात असला की जहाजाचा पंखा बंद, पाणी ओढणारे पंप बंद, त्यांच्या बटणांवर पाटी लटकवलेली. वर एक माणूस फक्त त्याची हवेची नळी आणि दोरी धरून उभा. त्याने दुसरं काहीही करायचं नाही, कोणाशी बोलायचंही नाही. आणि दुसरा एक पाणबुड्या पूर्ण पोशाख चढवून नुसता बसलेला. काही घडलं तर यानेच उतरायचं, पण सुपरवायझरने सांगितल्यावरच. मी म्हणायचो, अरे, बसून राहायचा पगार घेतोस की काय. तो हसायचा.

एकदा मात्र हसला नाही. त्या दिवशी बसून राहायची पाळी त्याची होती. खाली त्याचा सोबती अडकला, नळी ओढली गेली, तारेवरून वर येणारा त्याचा आवाज बंद झाला. मधुकर उठला तर सुपरवायझरने खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं. एक पंप चुकून चालू राहिला होता. तो बंद झाल्याचा निरोप इंजिनरूममधून येईपर्यंत त्याने याला हलू दिलं नाही. मधुकरने त्याला आईवरून शिव्या घातल्या. सोबती वाचला नाही. मी विचारलं, मग त्या सुपरवायझरचं काय केलंस? तो म्हणाला, "काय करतो? दुसऱ्या दिवशी पयला चहा म्याच त्याले नेऊन देल्ला. त्यानं सोडलं असतं तं दोघं गेलो असतो." मला ती गोष्ट तेव्हा फार आवडली. ऐकायला सोपी होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. गाळ काढायचा म्हणून विलासने आणि मी डिझेल इंजिन दोरांनी आतल्या टप्प्यावर उतरवलं, सकाळभर चालवलं, पाणी उपसलं आणि बंद केलं. आत धूर कोंडला होता. आमच्याकडे अशा वेळी कंदील सोडून पाहतात. विझला तर हवा वाईट, जळत राहिला तर उतरायला हरकत नाही. मी कंदील सोडला. तो छान जळत राहिला. मी म्हटलं, "जा, काही नाही." विलास उतरला, तळाला पोचला, फावडं उचललं आणि बसला. बसला तो आडवाच झाला.

मी कठड्यावर पाय टाकला होता. बाजूच्या वावरातून आरडाओरडा ऐकून मधुकर धावत आला, सुट्टीवर होता. त्याने मागून माझ्या कमरेला मिठी घातली आणि मला जमिनीवर पाडलं.

"दिनू, खाली कोणीच उतरायचं नाही. तू तं नाहीच."

"माहा भाऊ हाय तो!"

"म्हणूनच."

दोघा गड्यांना त्याने माझ्यावर बसवलं. मैलभरावरच्या एका विहिरीवर सुरुंगाची भोकं पाडणारा कंप्रेसरचा ट्रॅक्टर होता, तो आणायला मोटारसायकल पाठवली. ट्रॅक्टर येईपर्यंत, पाइप खाली सोडून ताजी हवा आत भरेपर्यंत, मी मातीत तोंड खुपसून त्याला नाही नाही ते बोललो. मग त्याने स्वतःच्या कमरेला दोरी बांधली. एवढी माणसं जमली होती, सगळी त्याच्या बाजूची, पण मी शिव्या देत असतानाच त्याने मला उठवून दोरीचं टोक माझ्याच हातात दिलं. म्हणाला, हे सोडू नको, बाकी काय बोलायचं ते बोल. विलासला त्याने वर आणलं, पण तो गेला होता. मेहकरच्या डॉक्टरांनी सांगितलं की तो पहिल्या काही मिनिटांतच गेला असणार, आणि अशा धुरात मागोमाग उतरणारा हटकून जातो. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. दवाखान्याच्या आवारात, सगळ्या भावकीसमोर, मी मधुकरला म्हणालो, "तू भेला, म्हून माहा भाऊ गेला."

 विहिरीच्या कठड्याजवळ पडलेला कंदील मधुकरने पाहिला होता. तो कोणी सोडला हे त्याला कळलं असणारच. गावाने मला ते कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. एकाला भित्रा ठरवलं की दुसऱ्याला सुटका मिळते. मला ती हवी होती, आणि मी ती अकरा वर्षं वापरली.

पाणबुड्यांची हाडं लवकर झिजतात म्हणे. मधुकरच्या खुब्याची गेली, समुद्र सुटला, तो लोणारला घर करून राहिला. मग काठी टेकत गावोगावच्या विहिरींवर जाऊन उभा राहायचा. इंजिन आत सोडू देत नसे, दोरीवर कोण आहे विचारायचा, आणि सगळ्यांना एकच सांगायचा: कंदील जळला तरी भरोसा नाही, इंजिनच्या धुरात माणूस मरतो अन् कंदील जळतच राहतो. हे कुठे शिकलास असं लोक विचारत. त्याने माझं नाव कुठेही घेतलं नाही. हे मला ठाऊक होतं, तरी बीबीच्या बाजारात तो समोरून दिसला की मी दुसऱ्या गल्लीत वळायचो.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला मात्र गेलो. वंदना झाली. चार-पाच अनोळखी शेतकरी रडताना दिसले. मी मागच्या रांगेत बसून होतो. लोक उठल्यावर मधुकरच्या बायकोने, शीलावहिनींनी, मला आत बोलावलं आणि निळ्या पुठ्ठ्याची जाड वही हातात दिली. पाणबुड्या पाण्यात उतरला की प्रत्येक वेळी अशा वहीत नोंद करतो: जागा, खोली, वेळ, आणि वर उभ्या असलेल्या जबाबदार माणसाची सही. पानोपानी समुद्र होता. शेवटच्या पानावरची नोंद विहिरीची होती.

बीबी. विहीर. खोली अडतीस फूट. कारण, इंजिनचा धूर. उतरण्याआधी थांबलो, चोवीस मिनिटं. त्याखाली त्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, "दोरीवर दिनकर. शेवटपर्यंत सोडली नाही." सहीची जागा कोरी होती.

वहिनी म्हणाल्या, "वरच्या माणसाची सही लागते म्हणे. एकदा मेहकरले घेऊन आले होते तुमच्याकडं, भाऊजी. तुम्ही घरी नव्हते."

मी घरी होतो. आतल्या खोलीत बसून बायकोला खोटं सांगायला लावलं होतं. माझ्या चपला दारातच पडल्या होत्या, त्या त्याने पाहिल्या असणार. तरी तो तिला "बरं" म्हणून गेला. हे मी वहिनींना सांगितलं. कंदील मी सोडला होता हेही सांगितलं, जिवंत माणसाला पहिल्यांदाच. त्या म्हणाल्या, "मले माहीत हाय." आणि पेन पुढे केलं.

मी सही केली. नाव पूर्ण लिहिलं. नियमाप्रमाणे ही सही माणूस वर आल्यावर त्याच दिवशी करायची असते.