एका कार्डाचा कॅमेरा

आभा टिपणीसने घरातला पहिला फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा स्वतःच्या बोनसमधून घेतला, तेव्हा तिच्या नवऱ्याला, वरदला, शटर स्पीड म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. ती द्रोणागिरीच्या एका गोदाम कंपनीत हिशेबाचं काम करायची, आजही करते. शनिवार-रविवार मिळतील ती बारशी, साखरपुडे शूट करायची. वरद बॅगा उचलायला यायचा, मग छत्री धरायला, आणि मग हळूहळू एखादा फोटो काढायला. त्याला लोकांशी बोलायची कला होती. नवीन पनवेलमधले हॉलवाले, डेकोरेशनवाले, केटरर सगळे त्याला ओळखू लागले. त्याने नोकरी सोडली, धंद्याला स्वतःचं नाव दिलं, आणि लग्नांची कामं धडाधड येऊ लागली.

मागच्या दिवाळीच्या आधी त्यांनी नवा कॅमेरा घेतला. जुन्यापेक्षा दोन पिढ्या पुढचा. वरदने तो खोक्यातून काढला, गळ्यात अडकवला आणि म्हणाला, "मेन शूट मी करतो, म्हणजे हा माझ्याकडे. तू जुना वापर. तुझ्या हाताला तो बसलाय पण."

आभाला ते तेव्हा पटलंही. जुना कॅमेरा हलका होता, त्याची बटणं तिला न बघता सापडायची. पण त्या दिवसापासून लग्नात तिच्या वाट्याला बायकांची बाजू आली. मेंदीचे हात, दागिन्यांची ताटं, रुखवत, जेवणाच्या पंगती, मावश्या-काकवा. आणि हे सगळं चालायचं हॉलच्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीत, जिथे एक ट्यूब पिवळी आणि एक बंद.

फोटो निवडायचं कामही तिचंच होतं. ऑफिसातून आल्यावर ती लॅपटॉप उघडून बसायची. वरदच्या फोल्डरमध्ये नवरी धावत येवो, मान वळवो, तोंडावर मुंडावळ्या येवोत, डोळे लख्ख. तिच्या फोल्डरमध्ये हसणारी काकू धूसर आणि काकूमागचा पडदा स्वच्छ. जुन्या कॅमेऱ्याला समोरून बघणारा चेहरा सापडायचा. चेहरा जरा वळला, मध्ये कुणाचा हात आला, की तो बिचारा पुढेमागे शोधत बसायचा, आणि तोवर हसू संपलेलं असायचं.

एकदा वरद तिच्या मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "तुझे फोकस हल्ली फार जातात गं."

एवढंच. चहाचा कप घेऊन तो गेलाही. पण आभाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तिने डोळे तपासून घेतले. नंबर होता तोच होता. मग तिला स्वतःचीच चीड आली, की आपण तपासायला गेलोच कशाला.

त्या रविवारी वरद कर्नाळ्याला एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढून परतला होता आणि झोपला होता. आभाने दोन्ही कॅमेरे काढले. एकच लेन्स आलटून पालटून दोघांना लावायची, सेटिंग तेच ठेवायचं, आणि सासूबाईंना उभं करायचं, असं तिने ठरवलं. शशिकलाबाई आधी खूश झाल्या. ठेवणीतली साडी नेसून आल्या. खिडकीपाशी बसवून काढलेल्या फोटोंत काही फरक नव्हता. खरं तर जुन्या कॅमेऱ्यातला सासूबाईंच्या गालाचा रंग जास्त बरा होता, नव्यात तो जरा गुलाबी येत होता. मग तिने त्यांना पॅसेजमध्ये नेलं, दिवा बंद केला आणि हातात आरतीचं ताट देऊन चालायला लावलं.

"या अशा माझ्याकडे. इकडेतिकडे बघत या. आता परत जा."

"अगं, किती फेऱ्या? देवळात एवढी प्रदक्षिणा घालत नाही मी."

"एवढी एक, आई. कॅमेरा बदलला."

पॅसेजमधल्या फोटोंनी सगळं सांगितलं. नव्या कॅमेऱ्यात सासूबाई जवळजवळ प्रत्येक फोटोत स्वच्छ होत्या, अगदी मान वळवलेली असतानाही. जुन्यात निम्म्याहून जास्त फोटोंत ताट स्वच्छ आणि बाई धूसर. फोटो काढणारी तीच, हात तेच.

वरद उठल्यावर तिने दोन्हीकडचे फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. तो जांभई देत बघत होता. म्हणाला, "म्हणजे जुनासुद्धा चांगलाच आहे की. हा खिडकीचा बघ ना. यातच आई छान दिसतेय."

"वरद, लग्नात कोण खिडकीत बसतं? मला पॅसेजच मिळतो. एकाआड एक लग्नाला तरी नवा मला दे."

"मेन शूटमध्ये रिस्क नको घ्यायला."

"रिस्क जुन्यात आहे. त्याला मेमरी कार्ड एकच लागतं. तुझ्यात दोन आहेत, प्रत्येक फोटो दोन्हीकडे जातो. माझं एक कार्ड बिघडलं तर सगळं गेलं."

"आजवर बिघडलंय का? सीझन संपू दे, मग बघू."

हे संभाषण त्यानंतरही झालं. कधी गाडीत, कधी भाजी निवडताना. शब्द थोडेफार बदलायचे, "सीझन संपू दे" तेवढं कायम असायचं.

त्यांच्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावर हेप्झिबा पेझारकर राहतात. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातलं ज्यू कुटुंब. नवरा गेला, भाऊ-बहिणी सगळे इस्रायलला, या मात्र बँकेतून निवृत्त झाल्या तरी पनवेलातच राहिल्या. आभाच्या त्या हेप्झिबामावशी. त्यांची मुलगी मोरान तिकडेच नोकरीला होती, पण तिने हट्ट धरला की लग्न पनवेलच्या सिनेगॉगमध्येच करायचं. फोटोंचं काम अर्थातच आभा-वरदकडे आलं.

शनिवारी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर, दिवेलागणीनंतर सोसायटीच्या हॉलमध्ये मेंदी झाली. हेप्झिबामावशींची म्हातारी आत्या, रिबकाबाई, खास रेवदंड्याहून आली होती. तिला धड उभं राहवत नव्हतं. पण मोरानच्या बोटाला मेंदी लावताना ती जुनी मराठी गाणी म्हणू लागली, तेव्हा इस्रायलहून आलेल्या मुलीसुद्धा गप्प झाल्या. आभा गुडघ्यावर बसून फोटो काढत होती. त्या दिवशी फोकससुद्धा साथ देत होता. रिबकाबाईंचं थरथरतं बोट, मोरानचे भरलेले डोळे, सगळं तिला मिळालं होतं. वरद तेव्हा बाहेर पुरुषांच्या घोळक्यात होता.

आणि स्क्रीनवर अक्षरं आली, कार्ड वाचता येत नाही.

तिने कॅमेरा बंद करून चालू केला. कार्ड काढून पुसून परत घातलं. तेच. समोर कार्यक्रम चालू होता. तिने दुसरं कार्ड घातलं आणि उरलेलं शूट केलं. तोवर रिबकाबाईंना घरी झोपवायला नेलं होतं.

लॅपटॉपनेही ते कार्ड उघडलं नाही. वरद म्हणाला, "होईल काहीतरी रिकव्हर, नको टेन्शन घेऊ." रविवारी सकाळी सिनेगॉगच्या अंगणात हेप्झिबामावशी भेटल्या. त्यांनी हसत विचारलं, "काय रे वरद, आत्याचे फोटो कसे आलेत?"

वरदने लगेच चेहरा पाडला. "सॉरी मावशी. आभाच्या कार्डाचा थोडा प्रॉब्लेम झाला. तिच्याकडून राहिलं जरा. पण मी बघतो."

मावशींनी आभाकडे बघितलं. मग त्या आत गेल्या.

आभा बॅगेपाशी गेली, जुना कॅमेरा गळ्यातून काढला आणि वरदसमोर धरला. "हा घे. तो इकडे दे."

"आत्ता? अगं, नवरी येईल पाच मिनिटांत."

"म्हणूनच."

"आभा, इथे तमाशा नको."

"मग पटकन दे."

आजूबाजूला पाहुणे होते. वरदने नवा कॅमेरा काढून दिला.

त्यांच्यात नवरी दारातून आत येते तेव्हा नवरा तिच्याकडे बघत गातो. नवरा मुलगा इथन बिचारा गाणारा नव्हता, आवाज कापत होता, पण गात होता. मोरान पांढऱ्या साडीत, चेहऱ्यावर पातळ ओढणी, आईचा हात धरून सावकाश येत होती. आभाने तिला दारापासून शेवटपर्यंत टिपलं. ओढणी मध्ये असूनही कॅमेऱ्याने डोळे सोडले नाहीत. वरद समोरच्या बाजूला जुन्याशी झटत होता. पुढे इथनने पायाखाली ग्लास फोडला, सगळे ओरडले, ते आभाकडे आलं. वरदकडे मागची झुंबरं आली.

घरी आल्यावर वरदने स्वतःचे फोटो बघितले. बराच वेळ बघितले. मग म्हणाला, "या लेन्सचं काहीतरी झालंय. सर्व्हिसला टाकायला पाहिजे."

आभाला वाटलं, आपण ऐकलं ते चुकीचं ऐकलं. पण त्याने सोमवारी खरोखरच लेन्स सर्व्हिसला टाकली. लेन्स ठीक आहे असं सांगून त्यांनी ती परत दिली. कार्डातूनही फार काही निघालं नाही. जे फोटो निघाले, त्यांत वर चेहरा आणि खाली करड्या पट्ट्या होत्या. बोट कशातच नव्हतं.

आभाने मग सांगून टाकलं, की एका कार्डाच्या कॅमेऱ्यावर मी यापुढे लग्न शूट करणार नाही. वरदला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. उतरला नाही. खारघरचं एक मोठं लग्न तोंडावर आलं, तेव्हा त्याने कामोठ्याचा हितेश नावाचा फोटोग्राफर रोजावर बोलावला. हितेश बोलणी करायला घरी आला. वरदने जुना कॅमेरा त्याच्यापुढे ठेवला. हितेशने कार्डाचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि परत ठेवला.

"भाऊ, सिंगल स्लॉट आहे. याच्यावर वेडिंग नाही करत मी. आणि अंधारात फोकसची बोंब असेल."

"हो, ते आहे म्हणा," वरद म्हणाला. "मीपण तोच विचार करत होतो. दुसरा घेऊनच टाकतो."

आभा स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. पोळी तव्यावर करपली तरी ती तशीच उभी होती. जे सांगता सांगता तिचा घसा कोरडा पडला, ते एका परक्या माणसाने चहा संपायच्या आत सांगितलं, आणि ते मान्यही झालं.

आठवड्याभरात दुसरा नवा कॅमेरा घरात आला. वरदने तो तिच्या हातात दिला. "घे, तुझाच. आता तरी खूश?"

"माझ्याबरोबर खाली मावशींकडे चल."

"कशाला? झालं गेलं."

"चल."

मोरान तोवर परत गेली होती. मावशींनी चहा ठेवला. वरद सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाला, "मावशी, तो कॅमेराच जुना होता हो. कॅमेऱ्याचा दोष."

"कॅमेऱ्याचा नाही," आभा म्हणाली. "मी याला कधीपासून सांगत होते. याने ऐकलं नाही. आणि तुमच्यासमोर माझं नाव पुढे केलं. फोटो गेले त्याची माफी मी मागते, मावशी. बाकीची याने मागायची."

वरद घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मावशींनी कप त्याच्यासमोर ठेवला. "त्या दिवशी तू मला वेगळंच सांगितलंस."

"गडबडीत बोललो, मावशी."

"गडबडीत बायकोचं नाव बरं बरोबर आठवलं तुला."

तो "सॉरी" म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. मावशींनी आभाला विचारलं, बोटाचा एकही फोटो नाही का? आभाने नाही म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि साखर आणायला उठल्या.

जिन्यात वरद म्हणाला, "त्यांच्यासमोर बोलायची काय गरज होती?"

आभा जिना चढत राहिली. शनिवारी कोन गावच्या एका फार्महाउसवर लग्न होतं. वरदने नेहमीप्रमाणे कामाची वाटणी सुरू केली, मी स्टेजवर, तू आत. आभा म्हणाली, "मी स्टेजवर. आत तू जा." मग त्याने गाडीची किल्ली घेतली आणि बॅगा उचलून खाली गेला.