उजव्या अंगाचे दोन बैल

बहात्तरच्या दुष्काळातली ती चार बैलांची केस मी अजून विसरलेलो नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात हमरस्त्यालगतच्या एका ठाण्यात मी तेव्हा फौजदार होतो.

एका सकाळी जळकोटचा एक हॉटेलवाला ठाण्यात आला. "साहेब, बिघडलेल्या टरकात चार बैल हायती. वैरणीची काडी न्हाय सोबत, आन् मालक खाली उतरंना."

आम्ही बैल आणि माणूस दोन्ही ठाण्यात आणले. माणूस गुरांचा व्यापारी, बोलायला सावकाश. म्हणाला, "बाजारातून दोन जोड्या घेतल्यात. पांढरा-काळा एक, तांबडा-बांडा दुसरी. पावती वाटंत पडली."

शेजारच्या ठाण्यांना बिनतारीवरून विचारलं. अशा जोड्या चोरीला गेल्याची तक्रार कुठंच नव्हती. हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, सोडावं लागतंय." व्यापारी निवांत तंबाखू मळत बसला.

दुपारी शिपाई पांढऱ्या-काळ्याला पाण्यावर नेत होता. पांढरा काळ्याच्या उजवीकडं यायला बघे, काळाही वळसा घालून पांढऱ्याच्या उजवीकडं येई. दोघं एकमेकांना ढुसण्या देत होते. मी शेतकऱ्याच्या घरातला. बैलाला एकदा ज्या अंगाला जुंपायची सवय लागली, ते अंग तो सहसा सोडत नाही, हे मला ठाऊक होतं.

व्यापाऱ्याला बोलावलं. "तुमच्या पहिल्या जोडीत उजवा कोणता?"

"काळा."

"जुंपून दाखवा."

शेजारून जू मागवलं. पांढरा डावीकडं काही केल्या उभा राहीना. बाजू बदलली तर काळा उसळला. दोघंही उजव्या अंगाचे. मग तांबडा आणि दोन रंगांचा बांडा आणले. ते दोघंही डाव्या अंगाचे निघाले! म्हणजे व्यापाऱ्यानं सांगितलेली एकही जोडी खरी नव्हती. तक्रारींशी वर्णन जुळू नये म्हणून त्यानं जोड्या मुद्दाम फोडून सांगितल्या होत्या.

आता पांढऱ्याचा जोडीदार तांबडा की बांडा? मी चौघांचेही खूर उचलून पाहिले. पांढऱ्याला आणि बांड्याला नाल मारलेले, बाकी दोघांचे खूर मोकळे. नाल गाडीच्या बैलाला लागतात, कारण तो सडकेवर चालतो. पांढऱ्याबरोबर बांडा, काळ्याबरोबर तांबडा. कोडं सुटलं होतं.

पुन्हा संदेश धाडला. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशी ठाण्याहून लगेच उत्तर आलं: पांढरा-बांडा, गाडीचे बैल, तक्रार दाखल. काळ्या-तांबड्याचीही तक्रार तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी तेरखेड्याकडची एक बाई आली. नवरा अंथरुणाला खिळलेला, दुष्काळी कामावर बैलगाडीनं खडी वाहून तीच घर चालवायची. "जयभीम, साहेब," म्हणाली. बैल दाखवण्याआधी मी खुणा विचारल्या.

"पांढरा उजवा, बांडा डावा. नवे नाल मारल्यात. माझी गाडी उभी हाय, साहेब. चूल बी."

तिला आवारात नेलं. तिचा आवाज ऐकताच पांढऱ्यानं मान वर केली आणि दावं ताणत तिच्याकडं निघाला. बाई त्याच्या गळ्यात पडून रडली. व्यापारी खाली बघत म्हणाला, "लिहून घ्या साहेब, सगळं सांगतो." हवालदारांनी खूश होऊन माझा हातच दाबला.

पुढं कितीतरी आरोपींचे जबाब घेतले. खोटं बोलणारा एकेक गोष्ट घोटून येतो, पण दुसरीशी तिचा मेळ बसवताना चुकतो. म्हणून मी कुणावर हात उगारायच्या आधी एवढंच विचारत गेलो, "याच्या जोडीला काय होतं?"