पहिलं बाळंतपण कुणाच्या घरी

नऊ जून. पासपोर्टची फी पंधराशे रुपये, आधीच ऑनलाइन भरलेली. हजर: मी, माझी थोरली बहीण आणि टेबलापलीकडे बसलेले सोलापूरच्या पासपोर्ट केंद्रातले एक अधिकारी.

अधिकाऱ्यांनी तिचं आधार कार्ड आणि पॅन कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. आधारवर जन्मतारीख एक जून होती, पॅनवर एक जानेवारी. सालही वेगळं. शाळेचा दाखला काढून दाखवला तर त्यावर तिसरंच साल, तारीख मात्र पुन्हा एक जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आणि आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे.

"जन्माचा दाखला आणा," अधिकारी म्हणाले.

"साहेब, मी एकदाच जन्मलेय," बहीण म्हणाली.

"तेच म्हणतो मी. कधी आणि कुठं, तेवढं एका कागदावर आणा."

माणूस चुकीचं बोलत नव्हता. आम्ही कागद गोळा करून बाहेर आलो.  सात रस्ता चौकात सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तारीख दिलीय डॉक्टरनं."

तारीख तिच्या मुलीची होती. मुलगी आणि जावई जर्मनीत असतात. पहिलंच बाळ. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पण मुलीला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला होता आणि डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हणून सांगितलं होतं. तेव्हा माहेरालाच तिकडे जाणं भाग होतं. माहेर म्हणजे माझी बहीण, वय अठ्ठावन्न की साठ हे कागदांनाही ठाऊक नाही, नवरा वारलेला, शिक्षण चौथी. आयुष्यात पुण्यापलीकडे गेलेली नाही. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, बाळाची टोपरी यांची यादी तिने मेमध्येच केली होती. पासपोर्ट आणि मग व्हिसा, दोन्हीचे दिवस धरले तर दाखला ऑगस्टअखेर हातात हवा होता. नाही मिळाला तर मुलगी परक्या देशात एकटी बाळंत होणार होती.

आमचं गाव केम. वडील नोकरीसाठी सोलापुरात आले, पण प्रत्येक कागदावर 'मूळ गाव केम' हेच आहे आणि बहिणीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणूनही केमच लिहिलेलं आहे. म्हणून मी त्याच आठवड्यात रजा काढून रेल्वेने केमला गेलो. ग्रामपंचायतीत एक कारकून बाई होत्या. त्यांनी माझा अर्ज वाचला, कपाट उघडलं आणि जुनी रजिस्टरं टेबलावर काढली. माझी नोंद लगेच सापडली. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आळीसुद्धा बरोबर. स्वतःच्या जन्माची ओळ वाचताना मला उगाच बरं वाटलं. बहिणीची नोंद नव्हती. तीन सालांपैकी कुठल्याच सालात नव्हती. मागची-पुढची सालंही आम्ही दोघांनी पानापानाने पाहिली.

"नोंद आढळत नाही असा दाखला देऊ का?" बाईंनी विचारलं. "तो घेऊन मग तुम्हाला तालुक्याला उशिराच्या नोंदीसाठी अर्ज करावा लागेल. पण त्याला वेळ जातो बरं."

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि स्टेशनवर येऊन घरी फोन लावला.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वन्सं तुमच्यात थोरल्या ना?"

"हो."

"मग त्या केमला कशाला जन्मतील? पहिलं बाळंतपण सासरी होतं का कुणाचं? आपल्या थोरल्याचा दाखला काढायला अक्कलकोटला माझ्या माहेरी कोण गेलं होतं? तुम्हीच ना?"

मीच गेलो होतो. घरातला प्रत्येक कागद मी फाइलला लावून ठेवतो, मुलाचा तो दाखलाही त्याच फाइलमध्ये आहे. तरी 'आपलं गाव' म्हटलं की डोक्यात वडिलांचंच गाव येतं. आईलाही एक गाव होतं हे हिशेबात धरलंच नव्हतं. मी फलाटावर बसून परतीच्या गाडीची वाट पाहिली.

आईचं माहेर अक्कलकोट रस्त्यावर, वळसंगच्या पुढे फाट्यावरून आत. त्या काळातली जन्माची नोंद गावचा कोतवाल करायचा, आणि त्या भागातली जुनी रजिस्टरं आता तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आहेत. तहसील कार्यालय सोलापुरातच असल्यामुळे बहीण बरोबर आली. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावला. आठ दिवसांनी या म्हणाले, त्याप्रमाणे गेलो. शोध घेणाऱ्याला आम्ही एक खूण दिली होती. आई हयात असताना नेहमी सांगायची, "माझी थोरली शिवरात्रीच्या आदल्या दिवशी झाली." त्यामुळे त्यांना फक्त फेब्रुवारी-मार्चची पानं बघायची होती, आणि नोंद तिथेच निघाली. फेब्रुवारी. मुलगी. नावाचा रकाना कोरा, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली. आईचं नाव बरोबर. आणि बापाच्या रकान्यात आमच्या आईच्या वडिलांचं, म्हणजे आजोबांचं नाव.

मी नक्कल दोनदा वाचली. बहिणीला वाचून दाखवली.

तिने नक्कल माझ्याकडून घेतली. मग म्हणाली, "म्हणजे मी आईची बहीण झाले."

"कागदावर."

"तुझी मावशी. पाया पड."

खिडकीतले कारकून हसले. पण हसून भागण्यासारखं नव्हतं. त्यांनीच पुढचं सांगितलं. अशी चूक दुरुस्त करता येते. जन्माची माहिती असलेल्या दोन विश्वासू माणसांनी तसं लिहून द्यायचं आणि अर्ज गावच्या ग्रामसेवकाकडे करायचा, कारण आता जन्म-मृत्यूचे निबंधक तेच आहेत.

त्या घरातलं जुनं माणूस एकच उरलं होतं, मामा. आईचे धाकटे भाऊ, वय पंचाहत्तरच्या पुढे. डोळ्यांना कमी दिसतं. शेती मामेभाऊ बघतो. रविवारी आम्ही दोघं एसटीने फाट्यावर उतरलो आणि चालत घरी गेलो. मामेभावाच्या बायकोने पाणी दिलं, चहा टाकला. मी नक्कल मामांपुढे धरली, ती मामेभावाने घेतली आणि वाचली. बापाच्या रकान्यावर त्याचं बोट थांबलं.

"म्हंजे अक्का आमच्या आज्ज्याची पोरगी?"

"चूक आहे ती. तीच दुरुस्त करायची आहे," मी म्हणालो.

"इतकी वरसं कुटं हुता ह्यो कागद?"

"तहसीलमध्ये."

"बरा हुता की तितं." त्याने नक्कल माझ्याकडे परत केली. "आता रस्ता चौपदरी झाला, एकरी भाव वाढला, आन आताच कागद सापडला व्हय?"

बहिणीने चहाची कपबशी खाली ठेवली. "मला तुझी जमीन नको रे. मला जर्मनीला जायचंय."

"समदे पयलं असंच म्हंत्यात अक्का. मग मागनं वकील येतो."

मामांनी मान वर केली नाही. "बगू," एवढंच म्हणाले. "पोराला इचारून सांगतो."

मामेभावाची भीती अगदीच निराधार नव्हती, हे मला इथे लिहिलं पाहिजे. फाट्याजवळच्या दोन घरांत बहिणींनी जमिनीत हिस्सा मागितल्याचे दावे चालू आहेत. आमच्या आईने मात्र आजोबा गेल्यावर हक्कसोडपत्रावर सही केली होती. त्या दिवशी मामांनी तिला इरकल नेसवलं होतं. परत येताना फाट्यावर एसटीची वाट बघत बहीण म्हणाली, "आईनं अख्खी जमीन एका लुगड्यावर सोडली. आणि हा म्हणतो माझ्या मागनं वकील येईल." ती रडली नाही. पण बसमध्ये बसल्यावर तिने मुलीला फोन करून सांगितलं, जमलं नाही तर तिथल्या दवाखान्यात चांगली नर्स बघून ठेव म्हणून.

मला त्या रात्री गोष्ट सरळ मांडून बघितल्यावर कळलं की आम्ही ती उलट्या बाजूने सांगत होतो. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. बहीण येत नव्हती, तिला ओढून नेलं. या वेळी मी चहाच्या आधीच मामेभावाला म्हणालो, "तू फक्त दोन गोष्टी ऐक. ही नोंद आहे तशी राहिली तर कागदावर ही तुझ्या आजोबांची मुलगी, आणि हिने हक्कसोड केलेलं नाही. नोंद दुरुस्त झाली तर ही नात, आणि हिच्या आईने हक्कसोड केलेलं आहे. आम्ही दुरुस्ती मागतोय. मग सही अडवून तू कुणाचा फायदा करतोयस?"

 मी पुन्हा सांगणार एवढ्यात आतून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"आवो, करू द्या की मामंजींना सही! न्हाईतर खरंच आत्याबाई व्हऊन बसतील हितं. मग करा रोज नमस्कार."

पहिल्यांदा मामाच हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग त्यांनी ही चूक कशी झाली ते सांगितलं. हे त्यांच्या घरात मामेभाऊ जन्मायच्या आधी हसण्यावारी सांगितलं जायचं म्हणे, आमच्या आईने मात्र आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

"कोतवाल दारात आला तवा घरात नुसत्या बायका. गडीमाणसं समदी रानात. त्यानं इचारलं, पोरीच्या बापाचं नाव काय? तुमची आई कशी सांगंल? नवऱ्याचं नाव घ्यायचं व्हय बाळंतिणीनं, परक्या माणसाम्होरं? आमच्या आईला इचारलं, तर ती जावयाचं नाव घेईना. म्हनली, आमचं पावनं, केमचं. आता पावनं म्हनून कसं लिवायचं? कोतवालाला लई घरं फिरायची हुती. त्याला ह्या घरातलं एकच नाव ठावं हुतं, त्ये टाकलं आन गेला."

"आणि कुणी दुरुस्त नाही केलं?" मी विचारलं.

"कशाला? पोरगी कुनाची त्ये समद्यास्नी ठावं हुतं की."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मामांनी ग्रामपंचायतीत लिहून दिलं. मामेभावाने त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून आणलं. दुसऱ्या साक्षीदार शेजारच्या आजी होत्या, आईला आणि बाळाला न्हाऊ घालायला त्या काळात त्याच यायच्या. त्यांनी सगळं नीट सांगितलं. खोली कुठली, बाज कुठं, धुरी कशाची दिली, जावई बारशाला आले तेव्हा काय घेऊन आले. ग्रामसेवक लिहून घेत होते. मग त्यांनी सवयीने विचारलं, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा. मधलं नवऱ्याचं नाव?"

आजींनी पदर तोंडाला लावला. "त्ये मला इचारू नगा बाबा."

"अहो, कागदाला लागतं."

"लागू द्या. त्येनी जाऊन ईस वरसं झाली, आजून घेतलं न्हाय. आता कशापायी घिऊ?"

ग्रामसेवकांनी आधार कार्डावरून ते नाव लिहून घेतलं. आजींनी अंगठा दिला. मग ते बहिणीकडे वळले आणि म्हणाले, "तुमच्या वडिलांचं नाव?" बहिणीने आमच्या वडिलांचं नाव आडनावासकट एवढ्या मोठ्याने सांगितलं की बाहेर ओट्यावर बसलेली माणसं आत डोकावली.

प्रकरण वर मंजुरीला गेलं आणि परत आलं. त्यात मी चार वेळा फोन केले, एकदा जाऊन आलो. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दाखला तयार असल्याचा निरोप मिळाला. बापाचं नाव बरोबर, आणि इतकी वर्षं कोऱ्या राहिलेल्या रकान्यात बहिणीचं नाव. जन्मतारीख शिवरात्रीच्या आदल्या दिवसाची. दाखला हातात आल्यावर तिने तो वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "मला वाटत होतं त्यापेक्षा मी वर्षाने लहान आहे."

तिथून मामांच्या घरी गेलो. मामांनी दाखल्यावरून हात फिरवला.

"झालं म्हन की. आता भाची झालीस."

"भाचीच होते मामा."

"दोन म्हैनं तरी माझी तंगी हुतीस." कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. त्या घरात निम्मं बोलणं कानडीतच चालतं. "बहीन म्हनून काय दिलं न्हाय मी तुला. तुज्या आईलाबी मागनं काय दिलं न्हाय. ओवाळ मला आज. आजच्या दिवस चालतंय."

मामेभावाच्या बायकोने ताट आणलं. बहिणीने मामांना कुंकू लावून ओवाळलं. मामांना खिसा सापडेना, तेव्हा मामेभावाने त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशातून पाकीट काढून दिलं. त्यातून नोटा काढून मामांनी त्या बोटांनी चाचपून बघितल्या आणि ताटात टाकल्या. फाट्यापर्यंत मामेभाऊ आम्हाला सोडायला आला. रस्त्यात तो बहिणीला एकच वाक्य म्हणाला, "अक्का, तिकडं थंडी लई असंल, स्वेटर घे."

आधार दुरुस्त झालं, पासपोर्ट सप्टेंबरात आला, व्हिसा ऑक्टोबरात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिला मुंबईच्या विमानतळावर सोडलं. लाडवांच्या डब्याचं वजन मी घरीच करून पाहिलं होतं. नात झाली. तिच्या जन्माची नोंद तिथल्या कार्यालयात झाली, बापाचं नाव बापानेच सांगितलं.

या सगळ्या कामाचा खर्च मी माझ्या वहीत वेगळा लिहिला आहे आणि त्याची बेरीज इथे देण्यासारखी मोठी नाही. शेवटचं देणं असं: मामांनी बहिणीला, ओवाळणीचे, पाचशे एक रुपये. हे मी जमेत धरलेले नाहीत.