उघाडीवरची कालवं

टगवाले चाचा कोणताही कागद आधी तारखेपासून वाचत. मजकूर नंतर. तारीख दिसली की डाव्या हाताच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजत, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत, आणि बहुतेक वेळा तिथेच कागद माझ्या काउंटरवर टाकून देत. "गाढवं हायत," एवढाच शेरा. पुढचं वाचायची गरज त्यांना क्वचितच पडे.

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. वीस वर्षं मी लोकांचे अर्ज, हरकती आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करते आहे. कोण खरं लिहून घेतोय आणि कोण फेकतोय हे मला दुसऱ्या ओळीला कळतं. पण तारखेवरून कागदाची लायकी ठरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चाचा तीस वर्षं आखातात एका बंदरातल्या टगबोटीचं सुकाणू धरून होते. त्यांची छोटी बोट मोठमोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावायची, आणि त्या जहाजांच्या कप्तानांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. गावी परतल्यावर त्यांनी खारबांधावरची उघाडी सांभाळायला घेतली. उघाडी म्हणजे बांधातलं दगडी दार. भरती आली की लाकडी झडप बाहेरून दाबली जाऊन बंद होते, ओहोटी लागली की उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. त्या एका दारावर गावाची भातखाचरं आणि गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर टिकून आहे. चाचांची स्वतःची अडीच एकर खाचरं दाराला लागूनच होती. झडपेला तेल घालायला गावातलं दुसरं कोणी येत नसे. "सगळे व्हॉट्सॲपवर बांध राखतात," चाचा म्हणत.

भरतीचं गणित आमच्या किनाऱ्यावर शाळेत न गेलेल्यालाही येतं. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. कोळी तिथीने मोजतात, चाचा चांदाच्या तारखेने मोजत; घटकाभर इकडेतिकडे, पण पाणी दोघांचंही ऐकतं. मला हे येत नव्हतं. माझं माहेर समुद्रापासून लांब, पालीकडचं, शिवाय मी पदवीधर.

जेट्टीपासून शहरापर्यंत हलकी रेल्वे येणार असं ठरलं तेव्हा चाचा पहिल्यांदा दुकानात आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची लुंगी, हातात सुलेमानी चहाचा थर्मास. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश त्यांनी ग्रामपंचायतीतून उचलून आणला होता. तो तिथे खिडकी उघडी राहावी म्हणून अडकवलेला होता. रुळांचा भराव आमच्या खाडीच्या फाट्यावरून जाणार होता, आणि अहवालात त्या फाट्याचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'कोरडा नाला'. तेव्हा भरावात एक सिमेंटचा नळ टाकला की पुरे, असा सल्लागार कंपनीचा निष्कर्ष.

फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलेली होती. चाचांनी पेरं मोजली.

"चांद आठवा. दुपारचे बारा. म्हणजे भांगाचं पाणी, आणि वर पुरी ओहोटी." भांग म्हणजे महिन्यातली सगळ्यात अशक्त भरती, हे मला नंतर कळलं. "झोपलेल्या माणसाचा फोटो काढून खाली मयत लिवलाय. आता दफन करायला रेल्वे आणतायत."

मी टाइप करायला लागले. सवयीने 'सेवेशी सविनय' लिहिलं. चाचांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे कोण बोललं?"

"असं लिहायची पद्धत आहे, चाचा."

"काढ. खाली 'कृपा करावी' लिवशील, तेपण लिवू नको. भरती काय त्यांच्या कृपेनं येते?"

त्यानंतर ते दर आठवड्याला येऊ लागले. मला टायपिस्टीणबाई म्हणत. अरेतुरे सगळ्यांनाच करत. कलेक्टर आले असते तर त्यांनाही केलं असतं. बाकावर बसत नसत, उभे राहून सांगत, जणू दुकान हलतंय आणि तेच ते सरळ धरून आहेत. माझ्या प्रत्येक स्वल्पविरामावर त्यांचा आक्षेप असे. मला ते आवडत नसत. पण त्यांच्या हरकतीत एक वाक्य फुकट नसे. इतर लोक छापील नमुने घेऊन येत. एकाच मजकुराच्या ढीगभर प्रती, खाली वेगवेगळी नावं, आणि त्या नमुन्यात भलत्याच जिल्ह्यातल्या धरणाचा उल्लेख तसाच राहिलेला. मी दाखवलं तर म्हणत, "असू दे ना मॅडम, विरोध तर आहे."

जनसुनावणी एका वातानुकूलित मंगल कार्यालयात झाली. ज्यांची शेतं जाणार ते प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आणि ज्यांचं काहीच जाणार नाही ते सोफ्यावर, अशी बैठक होती. सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांपुढे पुष्पगुच्छ. प्रत्येकाला माइकवर तीन मिनिटं. नागावच्या एका होमस्टेवाल्याने स्टेशन आपल्या वाडीच्या जवळ मागितलं, दुसऱ्याने आवाज नको म्हणून लांब मागितलं. स्टेशनला कोणाचं नाव द्यावं यावर दोन पुढाऱ्यांनी सहा मिनिटं खाल्ली. आमच्या सरपंचांनी विकासाला पाठिंबा दिला आणि स्टेशनवर वडापावच्या गाळ्याची विनंती केली. प्रत्येकाच्या शेवटी साहेब एकच वाक्य बोलत, "आपली सूचना नोंदवली आहे."

चाचा माइकजवळ गेले, फोटोचं पान वर धरलं. "हा फोटो कोणी काढला?"

सल्लागार कंपनीची एक मुलगी उठली. चोवीस-पंचवीसची, गळ्यात ओळखपत्र. चाचांनी भांग, ओहोटी, उघाडी, सगळं दोन मिनिटांत सांगितलं. नळ घातला तर पावसाळ्यात शेतातलं पाणी तुंबेल, भात कुजेल, उधाणाला बांध फुटेल आणि विहीर खारट होईल. एवढं स्पष्ट त्या दिवशी दुसरं कोणी बोललं नाही.

"आपली सूचना नोंदवली आहे," साहेब म्हणाले.

"कुठे नोंदवली? वाचून दाखव."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने मोबाइलकडे. "रेकॉर्डिंग चालू आहे सर," तो म्हणाला. मग उचलून पाहिला. मोबाइल बंद पडला होता.

चाचा हसले नाहीत. "मग असं कर. चांद दुसरा, दुपारी दीड वाजता उघाडीवर ये. स्वतःच्या डोळ्यांनी बघ, म्हणजे नोंदवायला नको."

त्यांना माइकवरून हटवण्यासाठी साहेबांनी स्थळपाहणी कबूल केली, आणि मी ती तिथल्या तिथे लेखी घेतली. संपर्क क्रमांक माझ्या दुकानाचा दिला. चाचा मोबाइल वापरत, पण उचलत नसत.

आता माझ्या चुकीकडे येते.

पाहणीच्या दोन दिवस आधी कारकुनाचा फोन आला. "मॅडम, साहेबांना मिटिंग लागली. पुढच्या आठवड्यात घेऊ. तोच वार, तीच वेळ. चालेल ना?" समोर जातीच्या दाखल्यासाठी चार जण उभे होते, प्रिंटर अडकला होता. आठवडाभराने काय बिघडतंय, असं मला वाटलं. म्हणाले, "चालेल."

संध्याकाळी चाचा आले तेव्हा मी नवीन तारीख लिहिलेली चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पेरं मोजली. पुन्हा मोजली. गाढव म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"टायपिस्टीणबाई," ते सावकाश म्हणाले, "तू त्यांना त्यांचाच फोटो परत काढायला बोलवलंस."

आठवडाभर पुढे म्हणजे नवमी. पुन्हा भांग, आणि दीड वाजता पुन्हा ओहोटी. मी लगेच फोन लावला. कारकून म्हणाला, साहेबांचा दौरा फिक्स झाला आहे, आता बदलणं शक्य नाही. मिटिंगसाठी हलणारी तारीख समुद्रासाठी हलत नाही. मी आणखी तीनदा फोन केला. चौथ्यांदा त्याने उचलला नाही.

त्या दिवशी मी दुकान बंद करून उघाडीवर गेले. चाचांच्या प्रेमापोटी नव्हे. माझी चूक मी दुसऱ्याच्या गळ्यात बांधत नाही.

फाटा अगदी अहवालातल्यासारखा दिसत होता. उघडा पडलेला चिखल, एक बगळा, कोणाची तरी चप्पल. साहेब बांधावर उभे राहिले. पायात पॉलिश केलेले बूट.

"हे तर कोरडंच आहे," ते म्हणाले. त्यांना बरंच वाटलं असावं.

"पावणेसातपर्यंत थांबतोस?" चाचांनी विचारलं. "पाणी येईल. भांगाचं हाय, गुडघाभरच येईल, पण येईल."

"तेवढा वेळ नाही."

"वेळ न्हायच तुला. म्हणून तर नाला कोरडा."

मग चाचांनी लुंगी खोचली, कोयता घेतला आणि खाडीच्या बाजूने चिखलात उतरले. मला म्हणाले, "ये. टेप आणलीस?"

मी दुकानातली फूटपट्टी आणली होती. त्यांनी ती पाहिली. "वहीला समास मारणार हायस काय? टाक ती. भिंतीला टेकून उभी रहा."

मी साडी वर धरून चिखलात उतरले आणि उघाडीच्या बाहेरच्या दगडी भिंतीला टेकले. कमरेला काहीतरी टोचलं. भिंतीवर पांढरट, धारदार कालवं दाटीने चिकटलेली होती, खालपासून वर.

"कुठपर्यंत हायत?"

"कमरेपर्यंत."

"साहेब, लिव. टायपिस्टिणीच्या कमरेपर्यंत."

त्यांनी कोयत्याच्या टोकाने वरचंच एक कालव उचकटलं, उघडलं आणि शिंपला साहेबांच्या बुटांजवळ बांधावर ठेवला. आत पाणी होतं, आणि पाण्यात ओला, राखाडी जीव.

"खा."

"मी शाकाहारी आहे."

"मग नुसतं बघ. बघायलाच आलायस ना."

साहेबांनी मागे वळून त्या मुलीकडे पाहिलं. ती वाकली, शिंपला हातात घेऊन निरखला. "सर, हे जिवंत आहे," ती म्हणाली. "कालवं कोरड्या नाल्यात वाढत नाहीत. पाणी नियमितपणे या उंचीपर्यंत येत असणार."

"शिकलेली हायस की," चाचा म्हणाले. "मग फोटो काढला तेव्हा का न्हाय बघितलंस?"

"त्या दिवशी मी गाडीतून उतरलेच नव्हते. फोटो ड्रायव्हरने काढला."

साहेब खाकरले. मला वाटलं, आता चाचा तिला बांधावरून खाली लोटतील. पण त्यांनी आणखी एक कालव फोडलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते तिथेच उभ्या उभ्या खाल्लं. इतक्या महिन्यांत मी चाचांनी कोणाला काही देताना पाहिलं ते तेवढंच. मला सुलेमानीचा घोटही कधी विचारला नाही.

परतताना मी म्हटलं, "चाचा, माझ्यामुळे घोटाळा झाला होता."

"व्हय, झाला होता," ते म्हणाले. नाही गो, असू दे, असलं काही म्हणायची त्यांची रीत नव्हती. थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "तिथी बघायला शिक. त्या टायपिंगपेक्षा सोपं हाय."

त्या थंडीत चाचा गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. मयतीला आम्ही बायका जात नाही; मी दुसऱ्या दिवशी घरी गेले, त्यांच्या सगळ्या हरकतींच्या प्रती त्यांच्या सुनेला दिल्या आणि परत येऊन दुकान उघडलं. झडपेला तेल घालायचं काम कोण करणार, हे गावाने अजून ठरवलेलं नाही. सध्या महिन्यातून दोनदा मी आणि त्यांची सून जातो. व्हॉट्सॲपवर आमचं फार कौतुक होतं.

दोन महिन्यांनी सुधारित अहवाल आला. मी आधी तारीख पाहिली. मग पान उलटलं. 'कोरडा नाला' गेला होता. त्या जागी होतं, 'भरती-ओहोटीचा प्रवाह. भरावाऐवजी खांबांवरील पूल प्रस्तावित, रुंदी प्रत्यक्ष मोजणीनंतर निश्चित करण्यात येईल.' खाली, 'स्थानिकांच्या सूचनेनुसार.' चाचांचं नाव कुठेही नव्हतं. सरपंचांचं होतं, आभारांमध्ये.

परवा कारकुनाचा फोन आला. पुलाच्या रुंदीची मोजणी करायची आहे, पथक येणार आहे. "येत्या बुधवारी दुपारी बारा वाजता घेऊ. चालेल ना, मॅडम?"

समोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सहा जण उभे होते. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. बुधवारी अष्टमी.

"नाही चालणार," मी म्हटलं. "त्याच्या पुढच्या आठवड्यात अमावास्येनंतरची द्वितीया आहे. दुपारी दीड वाजता या. साहेबांना सांगा, बूट काढावे लागतील."

"मॅडम, त्या दिवशी साहेबांची मिटिंग आहे."

"मिटिंग हलवा," मी म्हटलं. "भरती मी हलवू शकत नाही."