मामांच्या छातीतली भावकी

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी भूम तालुक्यातलं एकही भांडण मिटवायचं शिल्लक ठेवलेलं नाही, एक सोडून. बांध कुणी कोरला, विहिरीवर पाळी कुणाची, लोक आधी मामांना बोलावतात. मामा मधोमध बसतात, चहा मागवतात आणि खोकत खोकत निवाडा देतात. राहिलेलं भांडण त्यांचं स्वतःचं, भिंतीपलीकडच्या धाकट्या भावाशी. बांधावरच्या एका चिंचेपायी दोघांचा कित्येक वर्षांचा अबोला.

खोकलाही तितकाच जुना. शेवटी मी त्यांना धाराशिवला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छातीत तीन तऱ्हेचे जंतू एकत्र नांदतायत. हौदाला आतून बुळबुळीत थर बसतो ना, तसा थर करून. एकावर औषध मारलं की दुसरा त्याला आडोसा देतो." मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. मामा मात्र भारावून गेले. "तिघं एका चुलीवर, आन् भांडण न्हाय? बाई, त्यांचा कारभारी कोण तेवढं सांगा, म्या बोलतो त्याच्याशी!"

घरी येऊन त्यांनी दिवसभर विटेनं हौद घासला. संध्याकाळी मलाच विचारतात, "हौद लख्ख केला की, मग खोकला का जाईना?" आता काय सांगायचं, कप्पाळ!

गोळ्यांबरोबर बाईंनी रोज सकाळी पालथं झोपवून पाठ थोपटायला सांगितली होती, कफ सुटावा म्हणून. मामींचं मनगट मोडलेलं. मी थोपटलं तर म्हणाले, "जावईबापू, माश्या हाकलताय व्हय?" पुढं पुढं चार पावलांत दम लागायला लागला. मी पार घाबरलो. अशात एका सकाळी भिंतीपलीकडचा धाकटा भाऊ मुकाट्यानं आत आला, बाजेवर टेकला आणि दणादण थोपटायला लागला.

"जावईबापू, त्याला म्हणावं, हळू."

"त्यांना म्हणावं, गप पडा."

मधे मी. हसावं का रडावं कळेना.

आता दम लागणं लई कमी झालंय. थर मात्र पुरता जायचा नाही, असं बाई म्हणतात. रोज सकाळी मामा भिंतीकडं तोंड करून मोठ्यांदा खोकतात आणि धाकटा येतो. त्यात खोकला किती आणि हाक किती, मला अजून उमगलेलं नाही.

परवा धाकटा लेकीकडं मुरुमला गेला होता. मामा भिंतीकडं बघत बराच वेळ खोकले. मग हळूच मला म्हणाले, "मुरुमची एसटी कितीला येती हो?"