समोरचा जिना

शाळा पाडणार नव्हते, नुसती ‘मॉडर्न’ करणार होते. म्हणजे दर्शनी भागातला मोठा जिना काढून तिथे लिफ्ट आणि ॲडमिशन ऑफिस. माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर तो प्लॅन आला आणि माझं डोकंच फिरलं.

अबू धाबीत मुसफ्फाला एका कन्सल्टंटकडे मी ड्राफ्टिंग करते. प्लॅन वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. या प्लॅनमध्ये आत्ताची इमारत दाखवली होती, तिच्यात जिन्याच्या जागी नुसती एक रेघ होती आणि बाजूला ‘स्टोअर’ लिहिलं होतं. कौलं गळायला लागल्यापासून तो भाग बंद आहे, आत कुणाला सोडत नाहीत, आणि तिथे ठेवण्यासारखं काही उरलेलंच नाही, असं कुणीतरी समितीच्या गळी उतरवलं होतं. मी सरळ शाळेत फोन लावला. समितीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "काय होतं ते मापांसकट दाखवा. पटण्यासारखं असलं तर इंजिनिअरला आत पाठवू. पुढच्या रविवारपर्यंत."

मी म्हटलं, दाखवते. माझ्याकडे एकही माप नव्हतं.

शाळेची इमारत म्हणजे एका इंग्रज साहेबाने उन्हाळ्यापुरतं बांधलेलं घर, सह्याद्रीतल्या थंड हवेच्या गावात. जांभ्या दगडाच्या भिंती, उभी उतरती छपरं, भिंतीतून पोट काढून बाहेर आलेल्या खिडक्या. तिथे जन्मात कधी बर्फ पडलं नाही, तरी प्रत्येक खोलीत शेकोटी. नन आल्या तेव्हा बिलियर्डच्या खोलीचं चॅपल झालं आणि तबेल्यात पहिली ते चौथीचे वर्ग बसले. घराचा स्वभाव मात्र बदलला नाही. पुढची बाजू मालकांची, मागची नोकरांची. मालकांच्या जागी सिस्टर आणि बिशप आले, नोकरांच्या जागी आम्ही मुली.

शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी असते. दोघी वर्गमैत्रिणी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या माझ्या फ्लॅटवर आल्या. एक दुबईहून, इंटरनॅशनल सिटीतून. दुसरी मूळ वसईची, अल ऐनला नर्स आहे, ती गाडी हाणत आली. डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडला. खिडकीचा कठडा सहावीत माझ्या हनुवटीला लागायचा, असं एक म्हणे. तू तेव्हा केवढी होतीस, असं दुसरी म्हणे. तासाभरात खोल्या बसल्या, दारं बसली. जिनाही काढून झाला: अरुंद, उभा, एका वेळी एकच मुलगी मावेल एवढा. आम्ही खूश. मग मी स्क्रीनकडे नीट पाहिलं. आम्ही तिघींनी मोठ्या तोऱ्यात मागचा, नोकरांचा जिना उचलून पुढे आणून ठेवला होता. समोरच्या जिन्यावर मुलींना पाय ठेवायची बंदी होती. एवढ्या वर्षांत आम्ही तो फक्त खालून पाहिला होता.

"खलास," दुबईवाली म्हणाली. "स्टँडर्ड टाक ना. कोण मोजायला बसलंय?"

"इंजिनिअर बसलाय," मी म्हटलं. "एक पायरी चुकली तरी आपल्याला हसतील आणि जिना फोडतील. खोटं मी काढणार नाही."

आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात माझी आई थालीपीठं थापत होती. ती तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. तो जिना बावीस वर्षं तिने साफ केला होता, आणि हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. ती शाळेत कामाला होती म्हणून सिस्टरांनी मला फुकट शिकवलं. "शाळेत मला हाक मारू नको," असं तिनेच सांगितलं होतं, आणि मी ते आनंदाने पाळलं. बादली घेऊन ती समोरून आली की मी खिडकीबाहेर बघायची. मैत्रिणींना आजवर पत्ता नव्हता. मला त्याची लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून गप्प बसायची सवयही मलाच आहे. त्या दिवशी म्हटलं, बास झालं.

"आई, जरा बाहेर ये. समोरच्या जिन्याला पायऱ्या किती गं?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. सांगू का, असं विचारत होती.

"सांग. यांनाही कळू दे तू तिथे होतीस."

"खाली सोळा," आई हात पुसत म्हणाली. "मग चौक. उजवीकडं वळून नऊ. आठवी मागनं बसवलेली, आंब्याच्या लाकडाची. बाकी समद्या सागाच्या."

 नर्सने टेबलावरचा मोजायचा टेप उचलला आणि ती खाली बसली. आई फरशीवर गुडघे टेकून पायरीची खोली दाखवत होती: एक वीत आणि चार बोटं. उंची दोन मुठी. आईच्या विती आम्ही मिलिमीटरमध्ये लिहून घेतल्या. जिन्याच्या कठड्यावर पानं कोरली होती ना, असं नर्सने विचारलं. "द्राक्षं," आई म्हणाली. "काडीला फडकं गुंडाळून त्यातली धूळ काढावी लागायची."

"आजीला वर चढायची परवानगी होती?" इतका वेळ टेबलाशी बसून ऐकणाऱ्या माझ्या लेकाने इंग्रजीत विचारलं. मी भाषांतर केलं.

"चढायची कुठली. मागच्या जिन्यानं वर जायचं आणि ह्या जिन्यानं गुडघ्यावर, एकेक पायरी करत खाली यायचं."

ड्रॉइंग शाळेला पाठवलं. रविवारी इंजिनिअर हेल्मेट घालून आत शिरला, मागे व्हिडिओ कॉल लावून फोन धरलेल्या सिस्टर. आम्ही मायलेकी सोफ्यावर चिकटून बसलो. तो मोठ्याने मोजत होता. सोळा. चौक. नऊ. मग त्याने टेप लावला, आमचा कागद पाहिला, परत टेप लावला.

"जिना शाबूत आहे, मापंही जुळतात. हा आता काढता येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "लिफ्ट मागे करू. फाइलमध्ये लिहायचंय, ही मापं कुणाची?"

"माझ्या आईची," मी म्हटलं. "ती तुमच्याकडे कामाला होती. हा जिना पुसायची."

आईने फोन स्वतःकडे ओढला. "पुसायची न्हाई, सिस्टर," ती म्हणाली. "वल्ल्या फडक्यानं लाकूड फुगतं. मेण लावून घासायची. तसं लिवा."